मधात

नवतपा लागायला चार दिवस उरले.
टिन तापायच्या आत शिडी लावली
दोन घरांमधल्या बोळात.
ह्यांचा गुडघा वळत नाही,
म्हणून ते खाली, शिडी धरून,
आणि मी वर, पदर खोचून, हातात पेचकस.

पन्हाळी आमची सोळा फूट.
एका अंगानं आमचे कवेलू उतरतात,
दुसऱ्या अंगानं हटवारांचे.
दोन्ही घरांचं पाणी हिच्यातूनच जातं,
बाकी काही जात-येत नाही आताशा.
बोळावरून झालं होतं.
किती इंचांवरून, ते आता विचारलं
तर दोघांनाही टेप आणावा लागेल.

जवळून पाहिलं तर पन्हाळी कुठली,
नुसती ठिगळं.
एक डांबराचं, रोशनीच्या लग्नाच्या साली लावलेलं.
एक सायकलच्या ट्यूबचं.
माकडं नाचली त्या वर्षीचं, युरियाच्या पोत्याचं.
आणि निवडणुकीच्या फ्लेक्सचं एक:
जोडलेले हात तेवढे शाबूत आहेत,
तोंड पाण्यानं नेलं.
दरवर्षी हे म्हणाले, "यंदाचं भागते."
आणि दरवर्षी भागलंच की.
भिंतीत ओल कुठवर चढली
ते भिंतीनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

ही ठोकली होती मुनीरभाईंनी,
उकिडवं बसून, लाकडी हातोड्यानं, दोन दिवस.
पवनीच्या बाजारात आता त्यांचा नातू असतो.
तो उभ्याउभ्या मोबाइलवर हिशोब करतो.
"काकू, काढून फेका.
पीव्हीसी लावून देतो, दहा वर्षं वर पाहू नका.
अन् तुमची वेगळी लावू,
त्यांचं पाणी ते पाहतील."
आकडा सांगितला.
मी तो मनात ब्लाऊजांत मोजला:
चाळीस. अस्तराचे.

तीस वर्षं मशीनवर बसते.
गिऱ्हाईक विचारतं, शिवू की टाकू?
मी भोकाकडे पाहत नाही.
भोकाच्या कडेचं कापड चिमटीत धरते, ओढते.
टाका धरत असेल तर शिवते.
विरलेल्या काठाला नवं ठिगळ लावलं
तर ठिगळ राहतं,
काठ जातो.

तर पेचकसानं ठोकत गेले.
टोकाला टण्.
दुसऱ्या फुटाला टण्. चौथ्याला टण्.
पाचव्याला आवाज बसला,
पेचकस पापडातून जावा तसा आरपार,
आणि त्या भोकातून मला ह्यांचं टक्कल दिसलं.
"काय दिसते?"
"तुमी दिसता."
तीनदा शिडी सरकवली.
सहावा, सातवा, नववा, सगळा चुरा;
फ्लेक्सवरचे हात माझ्याच हातात आले.
अकराव्याला पुन्हा टण्.
आणि तिथून पार शेवटापर्यंत
मुनीरभाईंचा हातोडा जसाच्या तसा.

उतार पाहायला एक तांब्या ओतला.
थोडं पाणी ह्यांच्या खांद्यावर गेलं,
थोडं बोळात,
आणि एक बारीक धार शेवटाला पोचली,
हटवारांच्या मागच्या अंगणात पडली.
तिथं फुलवंता बसली होती,
पहाटे जंगलातून आणलेला तेंदूपत्ता मोजत.
तिनं वर पाहिलं.
पाऊस नव्हता, हे तिलाही माहीत.

"गळते का?"
"गळते."
"कोनाच्या अंगानं?"
"मधात."
"मधात म्हंजे कोनाच्या?"
"मधात म्हंजे मधात, बाई."

तिनं मान खाली घातली,
पानावर पान ठेवत राहिली.
मी वर तशीच, एक पाय शिडीवर,
रिकामा तांब्या धरून.
टिन तापू लागलं होतं.
खालून हे म्हणाले, "उतर आता."
मी उतरले नाही.

सत्तर पानांचं पुडकं झालं.
तिनं वाखाची गाठ मारली, दातानं आवळली.
"किती फूट?"
"सहा."
"पत्त्याचे पैसे येऊ दे," ती म्हणाली,
आणि पुढचं पुडकं
एकपासून मोजायला घेतलं.